सज्ज्यातील बुलबुलीचे ठाणे आणि सूनबाईंचे डोहाळजेवण

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. सज्ज्यातील तुळशीस आणि उडत्याबसत्या अवघ्या जिवांस दंडवत घालून लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्रमासी, तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ घातले असल्यास ते चवीपुरतेच जाणावे.

त्या राज्यात सुमतीबाईसाहेबांचा अंमल. यजमान दिगंबरपंत नावाचे धनी. वर्तमानपत्र वाचावे, चहा मागावा आणि काही विचारले असता "तू म्हणशील तसं" म्हणावे, ही त्यांची राजनीती, आणि तीमुळे राज्य सुखात होते. चिरंजीव जहाजावर चाकरीस, समुद्रपार. सूनबाई गार्गी घरी, सातवा महिना लागलेला. मागे एकदा त्यांस दिवस राहिले होते आणि तिसऱ्याच महिन्यात सर्व आटोपले. ते दुःख घरात कोणी बोलून दाखवीत नसे. वाटेत ठेवलेल्या मेजास वळसा घालावा तैसे सगळे त्यास वळसा घालून जात.

त्यास बाईसाहेबांनी मसलत केली की यंदा डोहाळजेवण ऐसे करावे की साऱ्या सोसायटीने नाव काढावे. बागेतले डोहाळजेवण, फुलांचा झोपाळा, वर सूनबाई हिरव्या शालूत. झोपाळ्याच्या कड्या सज्ज्यातच होत्या, परंतु झोपाळा माळ्यावर गेल्यापासून त्या कड्यांस काथ्याच्या टोपल्या टांगल्या होत्या आणि त्यांत चिनी गुलाब फुलला होता. टोपली उतरवावयास दिगंबरपंत स्टुलावर चढले, आणि आत पाहतात तो फुलांच्या आड बुलबुलीणबाई ठाणे घालून बसलेल्या, मस्तकी काळा तुरा, शेपटाखाली तांबडे, नजर करारी. ना अर्ज, ना परवानगी. कोठे वाळल्या काड्या, कोठे कोळ्याचे जाळे, कोठे फरशीपुसण्याचा दोरा, ऐसा सरंजाम जमवून वाटी विणली होती आणि पोटाखाली अंडी होती. पंत तैसेच उतरले आणि बोलिले, "अगं, इथे आधीच कुणीतरी राहायला आलंय."

बाईसाहेब म्हणाल्या, "टोपली स्वैपाकघराच्या खिडकीला लावा. चार हातांवर तर आहे." तेव्हा सूनबाई, ज्या कधी उलट बोलत नसत, त्या बोलिल्या, "आई, नको ना. हलवली तर ती सोडून जाईल. मी खुर्चीवर बसते, झोपाळा राहू दे." बाईसाहेबांस बहुत वाईट वाटले, झोपाळ्याचे स्वप्न जुने होते, परंतु सूनबाईंचा चेहरा पाहिला आणि रुकार दिला. आणि एकदा रुकार दिला म्हणजे अर्ध्यावर राहणे त्यांच्या स्वभावी नाही. मग त्यांच्या मनात आले की हीही गर्भारीणच, आपल्या दारी आली, हिचेही कोडकौतुक केले पाहिजे. तोच घोळ जाहला.

समारंभाचे दिवशी त्यांनी टोपलीस मोगऱ्याचे गजरे गुंडाळिले, हळदकुंकू लाविले, काठावर ओटीचे तांदूळ ठेविले आणि खाली सूनबाईंची खुर्ची मांडिली. बायका आल्या, आणि जी येई ती म्हणे, "अगंबाई, बघू बघू!" आणि मोबाईल उंच करून फोटो काढी, आणि मग गाणी सुरू जाहली, टाळ्या पडल्या. बुलबुलीण भुर्रकन उडाली ती समोरच्या तारेवर जाऊन ओरडू लागली. कोणी म्हणाले, "तीही गातेय हो!" अवघ्या हसल्या. सूनबाई हसल्या नाहीत. ओटी भरली, वाट्या झाकून पुढे आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, की उचल आणि मुलगा की मुलगी सांग. सूनबाई हात पुढे करीनात.

"उचल गं," बाईसाहेब म्हणाल्या.

"आई, ती केव्हाची बाहेर आहे. अंडी गार पडतील."

"येईल गं. काही होत नाही."

"मागच्या वेळीही तुम्ही सगळे हेच म्हणत होतात. काही होत नाही, काही होत नाही."

हे शब्द पडताच टाळ्या थांबल्या. इतके दिवस जे कोणी उच्चारिले नव्हते ते भरल्या सभेत उच्चारिले गेले. बाईसाहेबांचा चेहरा उतरला. आता रागावतात की रडतात, ऐसे सर्वांस वाटले. तो त्या स्वतः स्टुलावर चढल्या, गजरे हलक्या हाताने सोडविले, तांदूळ वेचून घेतले, आणि खाली उतरून फर्माविले, "चला, सगळ्या आत. दार लावा. आवाज नको." मग ताटे, वाट्या, फुले, अवघी फौज पाय न वाजविता दिवाणखान्यात आली आणि सतरंजीवर बसली. गाणी राहिली होती. ती सोडणे अशुभ म्हणून बायकांनी ती कुजबुजत म्हटली. इतक्या बायका एका सुरात कुजबुजताना बखरकाराने जन्मात ऐकल्या नव्हत्या, आणि सांगावयास लाज कशाची, ऐकून डोळे भरून आले.

सूनबाई काचेच्या दाराशी बसल्या, ताटास हात लावीनात. बाईसाहेब शेजारी येऊन बसल्या आणि हळूच बोलिल्या, "मला भीती वाटत होती गं. वाजतगाजत केलं की ती ऐकू येत नाही, म्हणून एवढं सगळं." सूनबाई म्हणाल्या, "मला रोज वाटते." मग दोघी बाहेर पाहत बसल्या. तार रिकामी जाहली. बराच वेळ काही नाही. मग सज्ज्याच्या कठड्यावर तुरा दिसला, इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि फुलांच्या आड गेला.

"बसली," बाईसाहेब म्हणाल्या. "आता जेव."

आणि सूनबाई जेवल्या, आणि श्रीखंड दुसऱ्यांदा मागितले.

एवंच वर्तमान. पेढा की बर्फी ते कळलेच नाही, वाट्या झाकल्याच राहिल्या. सूनबाईंस आता आठवा लागला आहे, पुढील ईश्वराधीन. टोपलीतील पिले आजच डोळे उघडू लागली आहेत, सबब वाचणाराने हळू वाचावे. लेखनसीमा.