दुफी बाहेर येईना

शनिवारी सकाळी एनो दुफीला न्यायला सगळं गणगोत सुतकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत कुमासी शहरातल्या एका खासगी शवागारात जमलं, अंगणात बँडवाल्यांनी सूर धरला, आणि शीतगृहाचं दार उघडेना.

व्यवस्थापक आंत्वींनी मोबाइलवर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाराला खांदा लावून पाहिला.

"किल्ली कुठंय?" दुफीचा भाऊ, सार्पाँगमामा, म्हणाला.

"नव्या दाराला किल्ली नसते, नाना. फोनवर उघडतं."

"मग उघडा की."

"उघडत नाहीये ना!"

त्यात आतलं तापमान दाखवणारा आकडाही फोनवरून गायब झाला होता. बाहेर ऊन चढत होतं. आत दुफीचं काय होत होतं, ते कुणालाच कळत नव्हतं.

"तिलाच यायचं नसेल," गर्दीतून एक बाई म्हणाली, आणि सगळ्यांच्या माना दुफीच्या लेकींकडे वळल्या. अडोमा आणि बिरागो. दोघी कितीतरी वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि आताही शीतगृहापुढच्या बोळाच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

पितरांना वाहतात तशी मामाने दारापुढे दारू ओतली. "दुफी, चल बाई आता. लोक खोळंबलेत."

दार ढिम्म.

"पोरींनो, ती तुमच्यासाठी अडून बसलीय. बोला एकमेकींशी!"

"मीच का आधी?" अडोमा म्हणाली.

एव्हाना आंत्वी बोळाच्या तोंडाशी जाऊन दार बसवणाऱ्या कारागिराला फोन लावत होते. मामाही त्यांच्या मागे जाऊन फोनला कान लावून उभा राहिला.

"दिवे बंद केलेत का?" कारागिराने विचारलं.

"भर दिवसा जळत होते. मीच भिंतीवरची बटणं बंद केली."

"अहो, त्या दिव्यांतच रेडिओ आहेत! ह्या दिव्याने त्याला निरोप द्यायचा, त्याने पुढच्याला, असा तो दारापर्यंत जातो. तुम्ही सगळेच झोपवलेत, मग दाराला सांगणार कोण?"

आंत्वींनी शेजारच्याच भिंतीवरल्या बटणांकडे हात नेला. मामाने मनगट धरलं.

"थांबा."

"नाना, आत गरम होत असेल!"

"होऊ दे. ह्या दोघींपायी माझी बहीण इतकी वर्षं होरपळतच होती. आणखी पाच मिनिटं काढेल."

तिकडे बिरागोला कंठ फुटला होता. "आई आजारी आहे हे मला शेजारणीकडून कळलं. तू बहीण ना माझी?"

"तू फोन उचलत नव्हतीस."

"तुझा होता म्हणून नाही उचलला!"

"आईने लावला होता," अडोमा म्हणाली. "माझ्या फोनवरून."

बिरागो होती तिथेच फरशीवर बसली. अडोमा क्षणभर तशीच उभी राहिली. मग जाऊन शेजारी बसली आणि तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

मामाने मनगट सोडलं. आंत्वींनी दिवे लावले आणि मोबाइलवर बोट दाबलं. खट्. दार उघडलं. बायकांनी एकच गिल्ला केला, बँडने भिंती हादरवल्या. दुफी ठीक होती. म्हणजे, जितकी असायला हवी तितकी.

शववाहिनीच्या मागच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या.

"दार उघडलं ना, तेव्हा मामा त्या बटणांपाशी होता," बिरागो हळूच म्हणाली. "मी पाहिलं."

"त्याने आंत्वींचं मनगट धरलं ना, तेव्हाच मी पाहिलं," अडोमा म्हणाली. "सरक जरा. ऊन लागतंय मला."