मावशींचं मनगट आणि जिवंत जिवाणू

फ्रीजमध्ये भाजीला जागा नाही.

काकांची कवळी सापडत नाही.

शुक्रवारी मावशींची गाडी चालवण्याची परीक्षा.

सुरुवात महिन्यापूर्वीची. "उंदीर," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

म्हणजे पूर्ण असं म्हणाले : "मावशी, पोटातल्या चांगल्या जिवाणूंनी हाड लवकर जुळतं, हे प्रयोग उंदरांवर झालेत. माणसांचं अजून नक्की नाही."

"उंदरांची हाडं जुळली ना?"

"जुळली, पण—"

"मग झालं तर! त्यांना तर गाडीसुद्धा चालवायची नव्हती."

उजव्या मनगटाचं प्लास्टर सावरत मावशी औषधाच्या दुकानातून जिवाणूंच्या कॅप्सूल घेऊन आल्या. घरी येताच शंका : आतले जिवंत असतील कशावरून? मेलेले जिवाणू काय हाड जोडणार, कपाळ! त्यांनी एक कॅप्सूल फोडून कोमट दुधात टाकली. सकाळी घट्ट दही. जिवंत! पण मग दुसरीचं काय? तीही तपासली. तिसरीही. तपासलेली कॅप्सूल गिळता येईना, म्हणून दही खायचं. पातेली संपली, डबे संपले, फुलदाणी भरली.

"अगं, माझी कवळी ग्लासात होती!" काका बोळक्या तोंडाने ओरडले.

"मग असेल तिथंच."

"त्यात दही लागलंय!"

"बघा, किती जोमदार आहेत!"

काका ग्लास नाचवत मावशींच्या मागे धावले. दही सांडलं, त्यावरून त्यांचाच पाय सटकला आणि अंगठ्याचं हाड मोडलं.

पायाला प्लास्टर घालून काका घरी आले, तेव्हा मावशींचा चेहरा उजळला होता. "आता तुम्ही दह्याला शिवायचं नाही हं."

"का गं?"

"प्रयोगात न खाणाराही एक लागतो. नाहीतर फरक कळणार कसा?"

मावशींचं प्लास्टर निघालं. फोटोत हाड छान सांधलेलं.

"वेळ भरली होती, जुळणारच होतं," डॉक्टर म्हणाले.

"दुसऱ्याचं श्रेय लाटू नका, डॉक्टर. यांच्याकडे बघा. चमचाभर दही नाही, म्हणून अजून लंगडताहेत."

"अगं, मी परवा पडलोय!" काका कळवळले.

शुक्रवारी मावशींनी गाडी चढावर थांबवली, मागे न घसरता पुढे काढली, दोन खांबांमधून उलटी नेऊन अलगद लावली. ऑफिसात परत आल्यावर परीक्षक साहेबांनी आधी टेबल स्वतःकडे ओढून घेतलं, मग म्हणाले, "पास."

घरी जाताना गाडी मावशींनीच चालवली. रस्ता मोकळा होता, तरी हॉर्न वाजत होता.

मनगट मोडलं होतं ते मागच्या परीक्षेत नापास झाल्यावर, याच साहेबांच्या टेबलावर हात आपटून.