अ‍ॅमोनाइटची नवी खोली

टिपणिसांच्या देव्हाऱ्यातल्या अ‍ॅमोनाइटने नवी खोली बांधायला घेतली, तेव्हा सोसायटीची हरकत एवढीच होती की आधी अर्ज करायला हवा होता.

तसा तो गरीब स्वभावाचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहायचा, मग दगड झाला. हेरंब टिपणीस कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. लग्नाच्या वर्षी त्यांनी त्याला कच्छमधून आणला. शरयूताईंनी तो काळसर, वेटोळ्यांचा दगड पाहिला आणि "अगबाई, शाळिग्राम!" म्हणत थेट देव्हाऱ्यात ठेवला.

"अगं, हा गोगलगायीच्या गोतावळ्यातला प्राणी आहे," टिपणीस म्हणाले. "खरा शाळिग्राम गंडकी नदीतला."

"मासा, कासव, डुक्कर चालतात देवाला, मग यानेच काय घोडं मारलंय?"

झालं! तेव्हापासून दर कार्तिकात त्याचं तुळशीशी लग्न लागायचं. म्हणजे तो या घरचा जावई, आणि वर घरजावई.

यंदा आषाढात शरयूताई गेल्या. टिपणिसांनी त्यांच्या खोलीला कडी घातली आणि ते हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागले. कडीला हात लावायचा म्हटलं की ते दुसरंच काहीतरी काम काढायचे. तुळस राहिली त्या खोलीपलीकडच्या बाल्कनीत. पावसाने तिला जगवली, पण आता पाऊसही सरला होता.

आणि अशात याचं बांधकाम निघालं. अ‍ॅमोनाइट नेहमी शेवटच्या खोलीत राहतो. अंग वाढलं की पुढे मोठी खोली काढायची, मागे भिंत घालायची, अशी त्यांच्यात रीत आहे. दिवाळीपर्यंत अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण पार कडेला लागले.

सोसायटीच्या सेक्रेटरी पेंढारकरबाई येऊन पाहून गेल्या. "नियम सगळ्यांना सारखे, टिपणीस. आज यांना सोडलं तर उद्या घरोघरचे देव खोल्या काढतील. एकतर याला रीतसर जागा द्या, नाहीतर बाहेर सोय बघा."

रिकामी खोली घरात एकच होती. तिचं नाव कोणीच काढलं नाही.

बातमी ऐकून भडकमकर आले. त्यांच्याकडे जीवाश्मांनी भरलेली कपाटं होती आणि मन मात्र भरलेलं नव्हतं. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, अ‍ॅमोनाइटच्या अंगावरच्या नागमोडी रेघा एकेक करून पाहिल्या.

"काय नक्षी आहे हो! द्या मला. मधोमध कापतो, पॉलिश करतो. आतल्या सगळ्या खोल्या दिसतील."

"दुखेल का त्याला?" टिपणिसांनी विचारलं.

"हिऱ्याची करवत आहे," भडकमकर म्हणाले.

टिपणिसांनी जड मनाने "रविवारी या" म्हटलं आणि ते देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले.

"जावईबापू, माझा नाइलाज आहे. तिची खोली काही माझ्याच्याने रिकामी करवत नाही."

"करूच नका, बाबा," अ‍ॅमोनाइट म्हणाला. "कापलं तरी चालेल, पण आईंची खोली मोडू नका. मी एवढ्या खोल्या मागे बंद केल्या. काय आहे त्यांत? हवा. पण त्यांच्यावरच तर मी तरंगत होतो. नाहीतर केव्हाच तळाला गेलो असतो."

टिपणिसांना जरा बरं वाटलं. "म्हणजे कडी घातली ते बरोबरच केलं मी."

"निम्मं बरोबर केलंत. नळी कुठाय?"

बंद केलेल्या प्रत्येक खोलीच्या भिंतीतून अ‍ॅमोनाइटची एक बारीक नळी मागे जाते, थेट मोहरीएवढ्या पहिल्या खोलीपर्यंत. जन्मभर टिपणिसांनी ती फळ्यावर काढून पोरांना शिकवली होती.

"विसरलो रे," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आणि तिकडे माझी बायको सुकतेय," जावई म्हणाला. इतक्या वर्षांत सासऱ्यापुढे त्याचा आवाज चढला तो पहिल्यांदाच.

टिपणिसांनी स्वयंपाकघरातल्या नळाला रबरी पाइप जोडला. पण पाइप काही आपल्या पायांनी बाल्कनीत जात नाही. त्यांनी कडी काढली. उशीपाशी शरयूताईंचा चष्मा होता, खुंटीवर निळी शाल होती. कशालाही हात न लावता, पाइप सोडत सोडत ते पलीकडे गेले आणि त्याचं टोक त्यांनी तुळशीच्या मुळाशी ठेवलं. परतताना शालीपाशी थांबले आणि मनसोक्त रडले. मग येऊन नळ सोडला.

हॉलमधला दिवाण त्यांनी जावयाला रीतसर दिला आणि स्वतः शेजारी खाली गादी घातली. पेंढारकरबाईंनी जागा मंजूर केली.

रविवारी भडकमकर करवत घेऊन हजर.

"ती ठेवा बाजूला," टिपणीस म्हणाले. "आज लग्न आहे. अंतरपाट धरायला माणूस हवंय."

"वर्षाच्या आत?" भडकमकरांनी दबकत विचारलं.

"आतच लावायचं असतं," पेंढारकरबाई म्हणाल्या. "घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. पोरीला कशाला ताटकळत ठेवायचं?"

जन्मभर ज्या लग्नाची टिपणिसांनी थट्टा केली, त्याच्या मंगलाष्टका त्यांनी स्वतः म्हटल्या, जरा बेसूरच. तुळशीला दोन नवी पानं आली होती. भडकमकरांनी अंतरपाट इतका घट्ट धरला होता की तो सोडवून घ्यावा लागला.

चिवडा खाता खाता पेंढारकरबाईंचं लक्ष शरयूताईंच्या खोलीकडे गेलं.

"टिपणीस, हे दार पुरतं लागत नाही हो तुमचं. सुतार पाठवू?"

"नको," टिपणीस म्हणाले. "ते लागत नाही. नळी आहे."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी पुढे केली.