म्हस्कूआबांची नस

उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि म्हस्कूआबांच्या हातून धारेची बादली सांडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांडली. तिसऱ्या दिवशी त्यांची सून धनश्री हिने त्यांना स्कूटरवर मागे बसवले आणि निमोण्याहून थेट शिरूरला, फिजिओथेरपीवाल्या रेचल मॅडमकडे नेले.

मॅडमनी मान तपासली, हात उचलून पाहिला. "आबा, मानेतून बोटांपर्यंत नस जाते ना, ती वाटेत अडखळतेय. ती ताणायची नाही, हळूच सरकवायची. रहाटावर दोरी सरकते तशी."

त्यांनी आबांचा हात धरून व्यायाम करून घेतला. हात खांद्याइतका वर, बाजूला लांब करायचा, मान हाताकडे झुकवायची. हात दुमडला की मान सरळ. दहा वेळा, दिवसातून तीनदा. धनश्रीने मॅडमना समोर उभे करून आबांच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओही घेतला.

"तीन आठवड्यांवर बिरोबाची यात्रा हाय," आबा म्हणाले. "तीस वर्सं गजीच्या नाचात पुढचा ढोल माझाच हाय. औंदाबी मीच वाजवणार."

"व्यायाम नेमानं करा, मग बघू."

'नेमानं' हा शब्द आबांनी फारच मनावर घेतला. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. बारा वाजता असतील तिथे ते मोबाइल समोर टेकवायचे आणि सुरू व्हायचे.

पहिल्या सोमवारी बारा वाजले ते फाट्यावर. आबांचा हात लांब झाला आणि एसटी करकचून थांबली.

"चला आबा, लवकर!" कंडक्टर ओरडला.

"मला कुठं जायाचं न्हाई."

"मग हात कशाला केला?"

"नस सरकवतोय."

कंडक्टरने जे म्हटले ते एसटीच्या आवाजात बुडाले. मंगळवारी त्याच ड्रायव्हरने आबांना लांबूनच ओळखले आणि गाडी न थांबवता दामटली. आबांशेजारी शिरूरला जाणारी तीन माणसे खरोखरच हात करून उभी होती. त्यांनी दिवसभर गावात आबांच्या नावाने शंख केला.

"आबा, घरात करा की," धनश्री म्हणाली.

"घरात असलो तर घरात करीन. बारा म्हंजी बारा."

रविवारी देवळासमोर यात्रा कमिटीची बैठक भरली. बबनराव सरपंच तासभर एकच विचारत होते, "अध्यक्ष कोण व्हतंय? हात वर करा!" मांडव, पाणी, पार्किंग, पोलीस परवानगी, पाहुण्यांची भांडणे, सगळे अध्यक्षाच्याच गळ्यात पडायचे, म्हणून जो तो खाली बघत होता. तेवढ्यात बारा वाजले. आबांनी मोबाइल खांबाला टेकवला आणि हात लांब केला.

"म्हस्कूआबा तयार हायेत!" बबनराव ओरडले. टाळ्या पडल्या.

"न्हाई, न्हाई, हे माझं..." आबा म्हणाले, पण दहापैकी चारच वेळा झाले होते, मधे सोडवेना. पाचव्यांदा हात वर गेला, मान झुकली.

"बघा, मान बी डोलावली!" दहावी वेळ पुरी होईपर्यंत गळ्यात हार पडला होता.

घरी आल्यावर मुलगा मल्हार म्हणाला, "आबा, सरळ न्हाई म्हणून सांगून येऊ का?"

"गावानं टाळ्या वाजवल्यात. आता माघार न्हाई."

पुढचे दहा-बारा दिवस आबा मांडववाला, वीजमंडळ आणि पोलीस ठाणे यांच्यातच फिरले. धारा मल्हारकडे गेल्या, वैरणीचे भारे धनश्रीकडे. नस मात्र नेमाने तीनदा सरकत राहिली आणि मुंग्या चक्क कमी झाल्या.

यात्रेच्या दोन दिवस आधी आबा धनश्रीबरोबर शिरूरला गेले. मॅडम खूश झाल्या. "करून दाखवा बघू."

आबांनी ऐटीत डावा हात लांब केला.

मॅडम बघतच राहिल्या. "आबा, दुखतोय उजवा हात."

"व्हय. पर व्हिडिओत तुमचा हात ह्याच अंगाला दिसतो."

"मी समोर उभी होते! इथं तर मी उजव्यानं करून घेतलं होतं."

"तवा तुम्ही धरला व्हता. आन् म्या म्हणलं, दोरी हिकडून ओढली की तिकडून सरकणारच. रहाटाचं तुम्हीच सांगितलं."

धनश्रीने तोंडाला पदर लावला. मॅडमनी विचारले, "या दिवसांत धारा कोण काढत होतं?"

"पोरगं. अध्यक्षाला कुठला येळ?"

"आणि भारे?"

"ही सूनबाई."

"मग हाताला विश्रांती मिळाली, म्हणून उतार पडला," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "आता उजव्यानं सुरू करा. ढोल यंदा दहाच मिनिटं. आणि डाव्याचं बंद करा, त्याला काही झालेलं नाही."

आबांनी उजवा हात लांब केला, दहा वेळा मोजून नस सरकवली. मग थोडे थांबून डावाही लांब केला.

"आबा, तो कशाला?"

"ऱ्हाऊ द्या मॅडम," आबा गंभीरपणे म्हणाले. "इतके दिस राबलाय बिचारा. एकदम बसवला तर त्याला वाईट वाटंल."