केतकरकाकू आणि थंड टायर

केतकरकाकूंनी पुण्याहून जपानला चार गोधड्या आणल्या होत्या. दोन माणसांच्या घरात चार गोधड्या कशाला, हे मला एका जानेवारीत कळलं. टोकियोजवळच्या इबाराकीच्या डोंगरात, गाड्या पळवायच्या एका लहानशा सर्किटवर काकूंनी आपली पिवळी स्पोर्ट्स कार उभी केली, डिकी उघडली आणि चारही टायरना एकेक गोधडी पांघरली. शेवटच्या टायरपाशी वाकून, कडा नीट खोचत त्या म्हणाल्या, "एक्सप्रेसवेवर धावून ऊब आलीय त्यांना, ती घालवायची नाही. थंड टायर आणि नुकता उठलेला नवरा, दोघांकडून लगेच कामाची अपेक्षा ठेवू नये."

केतकरकाका शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली. ते कोणत्याही गोष्टीला मान डोलवायचे.

मी तेव्हा टोकियोतल्या निशी-कसाईत त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचे. माझ्या पुण्याच्या कंपनीने मला २०११च्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी इथे धाडलं होतं. काका मुंबईच्या एका बँकेच्या इथल्या शाखेत. काकू पंचावन्नच्या आसपास, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत टिकली. रविवारी त्या आमच्या इमारतीतल्या मुलांना बाराखडी शिकवायच्या आणि मुलं त्यांना जपानीत उत्तरं द्यायची. गणपतीत उकडीचे मोदक त्यांच्याकडेच. आणि थंडी पडली की महिन्यातून एकदा पहाटे त्या काकांना घेऊन सर्किटवर जायच्या. तिथे आपापली गाडी आणून, शर्यत न लावता, हवी तेवढी पळवता येते.

"पण काकू, थंडीतच का?"

"थंड हवेत इंजिन खूश असतं आणि टायर नाराज असतो. दोघांना सांभाळून पुढे न्यायचं, हे बायकांचंच काम."

मला त्या सोबत न्यायच्या त्या काकांसाठी. "ते कुंपणापाशी एकटे उभे राहिले की वाईटसाईट विचार करतात. तू काहीतरी बोलत राहा," असं मला बजावलेलं असे.

मी गेले त्या पहिल्या दिवशी गंमतच झाली. नाव नोंदवायच्या खिडकीतल्या नव्या तरुणाने "केतकर-सान" अशी हाक मारली आणि काकांसमोर लवून त्यांच्या हातात हेल्मेट दिलं. काकांनी ते तापलेल्या तव्यासारखं दोन बोटांनी धरलं आणि बायकोकडे सरकवलं. तरुण पुन्हा लवला, या वेळी जास्त खाली. काकूंनी पर्समधून काकांची लोकरी माकडटोपी काढली, ती डोक्यावरून ओढून घेतली आणि तिच्यावर हेल्मेट चढवलं. आता हे लोक हसणार, म्हणून मी दुसरीकडे बघायला लागले. पण हेल्मेटच्या आत घालायला इथे तसंच काहीतरी मिळतं म्हणे. दोघातिघांनी जवळ येऊन लोकर चाचपली आणि ही कुठे मिळते ते विचारलं.

"तुळशीबागेत," काकू म्हणाल्या.

सकाळी सगळ्यांना नियम समजावून सांगणाऱ्या वयस्कर गृहस्थांचं नाव मोरी-सान. मोरी म्हणजे आपल्याकडे घरातली कुठली जागा ते ठाऊक असल्यामुळे काकूंना ते नाव गंभीरपणे घेताच येत नसे. मोरी-सान मात्र फार गंभीर. काकू गाडीत बसल्या की खिडकीशी येऊन ते दर वेळी तेच सांगायचे, "केतकर-सान, मुरी शिनाइदे." म्हणजे झेपेल तेवढंच करा.

"हाय, हाय," काकू म्हणायच्या आणि काच वर घ्यायच्या.

"ही होकार देते, पण ऐकू मात्र मला रडणंच येतं," काका हळूच म्हणायचे.

शहरात हीच बाई अशी चालवायची की मागचे सायकलवाले वैतागायचे. रस्ता ओलांडणारं कुणी नसलं तरी थांबायची. पण सर्किटवर पहिल्या दोन फेऱ्या टायर गरम करण्यात गेल्या की तिसऱ्या फेरीला पिवळी गाडी अशी सुटायची की माझं बोलणं आपोआप बंद पडायचं. काकांशी बोलत राहायची जबाबदारी जिच्यावर होती, ती मीच.

पुढच्या वर्षीच्या जानेवारीत काकू उताराच्या वळणावर फसल्या. सर्किटच्या मागच्या बाजूला, झाडांच्या सावलीत, उतरता उतरता उजवीकडे वळणारा तो रस्ता दुपारपर्यंत गार असायचा. काकूंच्या गाडीची मागची बाजू निसटली, गाडी स्वतःभोवती फिरली आणि तोंड आलेल्या दिशेला करून गवतात जाऊन थांबली. लागलं कुणालाच नाही. काकू परत आल्या, माकडटोपी काढली, चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "घाबरायचं ते घरी. पुढच्या महिन्यात बघते त्या वळणाकडे."

पुढचा महिना हा शेवटचाच होता. काकांची बदली संपत आली होती, मार्चमध्ये दोघं पुण्याला परतणार होते. मग माझ्या डोक्यावर रोज संध्याकाळी एक प्रकार सुरू झाला. वरून काकांचा आवाज यायचा, "उतार आला... पाय काढ... आता वळ... अगं, हळू!" एकदा मी वर जाऊन पाहिलं. काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, हातात पोळपाट. काका समोर उभे राहून हातातल्या कागदावरून त्यांना वळण वाचून दाखवत होते, आणि काकू पोळपाट डावीउजवीकडे फिरवत होत्या.

"गाडी घसरली की माणूस ज्या खांबाकडे बघतो त्यावरच जाऊन आदळतो," त्या मला म्हणाल्या. "बघायचं तिकडे, जिकडे जायचंय. डोळ्यांना सवय लावतेय. बस, पोळ्या तयार आहेत."

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी गवतावर पांढरं दहिवर होतं. बरेच जण आलेच नाहीत. जे आले होते त्यातलेही काही जण ऊन वर येईपर्यंत थांबतो म्हणाले. मोरी-सान स्वतः जाऊन उताराचं वळण पायी पाहून आले आणि काकूंना म्हणाले की रस्ता कोरडा आहे, पण फार गार आहे. आज ते वळण सावकाश घेतलं तर कुणी काही म्हणणार नाही.

"मी म्हणेन ना," काकू मराठीतच म्हणाल्या. मग जपानीत आभार मानले, गोधड्या काढल्या आणि निघाल्या.

काका नेहमीप्रमाणे सर्किटकडे पाठ करून उभे राहिले. ते कधीच बघत नसत, नुसते ऐकत.

"काका, तुम्ही त्यांना एकदाही थांबवलं नाहीत?" मी विचारलं.

"कसं थांबवणार? माझ्यामुळेच तर सुरू झालं हे," काका म्हणाले. "भूकंपाच्या दिवशी मी ऑफिसात होतो. ट्रेन बंद, फोन लागेना. सगळे चालत घरी निघाले, मीही निघालो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हातात काठी. उजाडता उजाडता पोचलो. दार उघडलं तर ही तिथेच, चपला काढायच्या जागी जमिनीवर बसलेली. अंगात कोट, हातात बँकेने दिलेल्या गाडीची किल्ली."

"तुम्हाला आणायला निघाल्या होत्या?"

"हो. लायसन्स होतं, पण वर्षानुवर्षं चालवली नव्हती. खाली जाऊन सुरू केली, हात कापायला लागले, बंद केली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. शेवटी वर येऊन बसली." काकांनी चष्मा काढून पुसला. "मी किती वेळा सांगितलं, अगं, रस्ते तुंबले होते. तू निघाली असतीस तर आराकावा नदीच्या पुलाआधीच अडकली असतीस. मी आलो असतो आणि घर रिकामं. पण तिला पटत नाही. लायसन्स असून न चालवणाऱ्यांना इथे पेपर ड्रायव्हर म्हणतात, त्यांच्यासाठी वर्ग असतात. लगेच तिथे नाव घातलं. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, घसरलेली गाडी सावरायला शिकायचं तर सर्किटवर जा. गेली, ती आजपर्यंत जातेच आहे."

तेवढ्यात मागच्या बाजूने टायर करकरल्याचा आवाज आला. काकांनी कुंपणाची तार घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वळून पाहिलं. झाडांच्या सावलीत पिवळ्या गाडीची मागची बाजू बाहेर पडली होती, अगदी जानेवारीसारखीच. मग ती एकदा इकडे, एकदा तिकडे हलली, जागेवर आली, आणि गाडी वळणातून सरळ बाहेर पडून आमच्या समोरून गेली.

"सावरली," काका म्हणाले. "सावरली गं तिने!"

काकूंनी ते वळण पुढच्या प्रत्येक फेरीला घेतलं, मोरी-सान झेंडा दाखवून आत बोलवेपर्यंत.

दुपारची शेवटची वेळ घरच्यांसाठी असायची. शेजारच्या सीटवर कुणालाही बसवून फिरवून आणता येई. काका कधी बसले नव्हते. काकूंनी शेजारचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "बसा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मोरी-सानांकडे पाहिलं. मोरी-सानांनी दोन्ही हातांनी हेल्मेट पुढे केलं. काका बसले, पण पाय आत येईना. काकू खाली गुडघ्यांवर बसल्या, त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि पट्टा स्वतः लावला.

गाडी निघाली ती निशी-कसाईच्या गल्लीत असल्यासारखी. सगळे पुढे गेले. लहान मुलीला शेजारी बसवलेला एक बाबा गेला, त्याच्या मागून एक मालवाहू मिनीव्हॅनसुद्धा गेली. गाडीत बिघाड झाला की काय म्हणून मोरी-सान पुढे झाले. काचेतून काका दिसत होते, हेल्मेट खिडकीला टेकवून डोंगराकडे बोट दाखवून काहीतरी सांगणारे. काकू मान हलवून ऐकत होत्या.

परत आल्यावर मी म्हटलं, "काकू, हे काय? ती व्हॅनसुद्धा पुढे गेली!"

"जाऊ दे. आपल्या माणसाला घ्यायला गेलेली बाई शर्यत लावत नाही." मग त्या काकांकडे वळल्या. "गुडघा दुखला का हो?"

"नाही." हेल्मेटच्या आत काकांचा चष्मा धुकटला होता. त्यांनी तो काढलाही नाही. "अजून एक फेरी होईल का?"

मोरी-सानांनी घड्याळात पाहिलं. वेळ संपली होती. त्यांनी घड्याळावर बाही ओढली आणि हाताने रस्ता दाखवला. काकूंनी गाडी सुरू केली.