वॉकीटॉकीवरची बायको

लेलंड टटलचा सध्या जगात एकच शत्रू होता, कॅम्पग्राउंडमधल्या प्रत्येक जागेवर असतो तो नळाचा खांब. घर विकून, पिकअपला भलाथोरला ट्रेलर जोडून तो आणि त्याची बायको मार्व्हा मिसूरीतल्या एका स्टेट पार्कातून दुसऱ्यात फिरत राहायचे. दोन आठवडे झाले की नियमाप्रमाणे जागा सोडायची आणि पुढच्या पार्कात बिऱ्हाड मांडायचं. राहणं सुखाचं होतं. वांधा व्हायचा तो ट्रेलर उलटा जागेत घालताना. गेल्या पार्कात त्याने खांब असा उडवला की शेजाऱ्यांची शेगडी, वरच्या कोंबडीसकट, कारंज्याखाली आली.

तेव्हाच मार्व्हाने ओल्या केसांनी निकाल देऊन टाकला. आणखी एक खांब पडला की सरळ इंडियानाला, जेनेलकडे. लेकीच्या गॅरेजमागे ट्रेलर उभा करायचा आणि चाकं काढून टाकायची. जावयाने तिथे हौसेने सिमेंटचा ओटाही घालून ठेवला होता. लेलंडला तो ओटा स्वप्नात दिसायचा, आणि त्यावर त्याचं नाव कोरलेलं असायचं.

म्हणून नव्या पार्कासाठी वॉकीटॉकीची जोडी आणली. एरवी दोघांची आरडाओरड सुरू झाली की आजूबाजूचे लोक खुर्च्या उचलून बघायला यायचे. मार्व्हाची अट एवढीच, की ती सांगेल ते त्याने करायचं. "का" विचारायचं नाही, बोलायचं बटण दाबायचंच नाही.

जागा झाडीत होती, ऐन वळणावर. मार्व्हा नारिंगी जाकीट घालून ट्रेलरमागे गेली आणि आरशातून दिसेनाशी झाली. समोर दोन म्हाताऱ्यांनी खुर्च्या उघडल्या. शेजारच्या सीटवरचा वॉकीटॉकीचा डबा खरखरला. त्यातून कुठल्याही बाईचा आवाज पत्र्यावर चमचा घासल्यासारखाच यायचा.

"डावीकडे घे."

त्याने घेतलं.

"अस्संच, राजा. किती छान घेतोस."

लेलंडचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एवढ्या वर्षांच्या संसारात मार्व्हाने त्याला लेलंड म्हटलं होतं, आणि रागावली की आडनावासकट लेलंड टटल. राजा हे पद नवीन होतं.

"थांबलास का? डोळे गहाण टाकलेत?"

हां, ही आपली. त्याच्या जिवात जीव आला.

"घाई नको, सोन्या. आधी श्वास घे."

त्याने श्वास घेतला. आता मात्र त्याला काळजी वाटू लागली. हिला ऊन लागलं असेल का? की गेल्या वेळच्या कारंज्याने काही झालं? पण विचारायची सोय नव्हती.

"इथे नाही जमत, राजा. बाहेर पड, एक फेरी मारून ये. मी हात हलवत उभी आहे."

तो मुकाट्याने बाहेर पडला. डबा भडकला. कुठे चाललास, असं डब्याने विचारलं आणि लगेच शाब्बासही म्हटलं. दोन्हींचा मान राखायचा म्हणून लेलंड अगदी सावकाश गेला.

वळणापलीकडे नारिंगी जाकिटातली बाई हात हलवत होती. डोक्यावर हॅट होती. मार्व्हाकडे हॅट कधी आली हे त्याला आठवेना, पण आज त्याने नवल करणं सोडून दिलं होतं. "ये, राजा, सरळ ये," डबा म्हणाला, आणि ओल्या डोळ्यांनी लेलंडने ट्रेलर मागे घेतला. कपाटाचा खण सरकावा तसा तो आत गेला. खांब जागच्या जागी, हातभर लांब.

तो खाली उतरला आणि हात पसरून बायकोकडे निघाला. बाई दोन पावलं मागे सरली.

"तुम्ही क्लिफर्ड नाही," ती म्हणाली.

ती इनेझ होती. तिनेही त्याच दुकानातून तीच जोडी घेतली होती, आणि लांबून दोघांचे ट्रेलर सारखेच दिसत. चॅनेल बदलायचं तिलाही सुचलं नव्हतं, मार्व्हालाही नाही. बोलायचं बटण दोघींनी सोडलंच नव्हतं, म्हणून एकमेकींचं ऐकूही आलं नव्हतं. मग तिचा नवरा क्लिफर्ड गेला कुठे म्हणून दोघं धावत लेलंडच्या जागेवर आली, तर तिथे दुसराच ट्रेलर ओळंब्याने लावल्यासारखा उभा. स्टिअरिंगमागे एक किडकिडीत माणूस घामाघूम झालेला, आणि समोर मार्व्हा कमरेवर हात ठेवून.

"मी तुला परत बोलावते, तर हा आला," ती लेलंडला म्हणाली. "याला निघ म्हणून ओरडतेय, तर हा आणखी नीट लावतोय."

रेंजर आला. त्याने दोन्ही ट्रेलर पाहिले, दोन्ही खांब पाहिले, आणि नोंदवहीत नावांची अदलाबदल मी करतो, पण कृपा करून कोणी हलू नका, असं सांगून गेला. खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी चौघं शेकोटीशी बसली. क्लिफर्ड म्हणाला, "इनेझ इतकं गोड बोलते की मला वाटतं सगळं ठीक चाललंय. तेवढ्यात खांब पडतो. आज पहिल्यांदाच कोणी खरं सांगितलं."

इतक्यात जेनेलचा फोन आला. बाबांनी आज काय पाडलं, असं ती विचारत होती. लेलंडच्या हातातला सॉसेज काडीवरच राहिला. मार्व्हाने फोन स्वतःकडे घेतला.

"काही नाही पाडलं," ती म्हणाली. "आम्ही पुढे जातोय."

फोन ठेवून तिने इनेझला पुढचा मुक्काम विचारला. पुढच्या पार्कात, त्याच्या पुढच्याही, दोन्ही जागा शेजारीशेजारी घ्यायच्या असं बायकांचं झटक्यात ठरलं. मार्व्हा क्लिफर्डला आत घेणार, इनेझ लेलंडला. नवऱ्यांना कोणी विचारलं नाही.

"म्हणजे मला रोज..." लेलंडने अंदाज घेतला.

"रोज नाही," मार्व्हा म्हणाली. "ट्रेलर लागेपर्यंत राजा. खाली उतरलास की लेलंड."