कपाटरावांनी पिकअप घेतला

"माझं वाद्य एकदा लोकांना ऐकू आलं ना, की भल्याभल्यांची बोलती बंद!" चहाचा कप खाली ठेवत कपाटरावांनी जाहीर केलं.

बायको म्हणाली, "माझी आधी करू नका. गॅसवाल्याला फोन करायचाय."

कपाटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते डबल बेस वाजवायचे. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेलं लाकडी वाद्य. जिन्यावरून चढवायला लागले की कुणीतरी शेजारी दार किलकिलं करून विचारणारच, "नवीन कपाट का?" बावीस वर्षं एकाच जिन्यात एकच प्रश्न! शेवटी कपाटाचं नाव मालकाला चिकटलं.

एका मोठ्या हॉटेलच्या जेवणघरात रोज संध्याकाळी पाच जणांचा ताफा वाजवायचा. पियानोवर मास्तर, तेच पुढारी. एक गायिका, एक व्हायोलिनवाला, एक ड्रमवाला, आणि सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून कपाटराव. गायिकेला माईक होता, व्हायोलिनला माईक होता, कपाटरावांना खांब होता. लोक सूप भुरकत, चमचे आपटत, पोरांवर डाफरत. त्या गदारोळात डबल बेसचा खोल, मऊ आवाज पहिल्या टेबलापर्यंत पोचायच्या आतच दम तोडायचा. कपाटराव घामाघूम होऊन वाजवत राहायचे आणि लोकांना वाटायचं, हा माणूस ते वाद्य पडू नये म्हणून धरून उभा आहे!

याचं दुःख होतं. मनापासून होतं. पण अभिमान त्याहून मोठा. बाकी सगळे वादक पियानोवरून सूर घेऊन आपापलं वाद्य लावायचे. कपाटराव? छे! ते अर्धा तास आधी यायचे, मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचे आणि आपल्या कानानं वाद्य लावून बाहेर पडायचे. नवखा व्हायोलिनवाला एकदा म्हणाला, "पियानोशी एकदा ताडून तरी पाहा." कपाटरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी पाया आहे, पाया! पायानं भिंतीला विचारून उभं राहायचं का? पियानोनं माझ्याकडून सूर घ्यावा!" मास्तरांनी हे ऐकलं आणि शांतपणे पान उलटलं. मास्तर नेहमीच शांतपणे पान उलटायचे.

आणि मग नवा मॅनेजर आला. पहिल्याच आठवड्यात त्यानं मास्तरांना बोलावून विचारलं, "पाच माणसं कशाला लागतात? तो मागचा खांबवाला काय करतो? मला तर काही ऐकू येत नाही. शनिवारी मी स्वतः बसून ऐकतो, मग एकाला कमी करू."

एकाला म्हणजे कुणाला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कपाटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. या वयात दुसरीकडे कोण घेणार? कपाट खांद्यावर मारून दारोदार फिरायचं? ते काही नाही! वाद्याला पिकअप बसवायचा. तारांचा आवाज पकडून स्पीकरमधून बाहेर फेकणारं ते छोटंसं यंत्र. साहेबाला ऐकू येत नाही काय? कानठळ्या बसवतो!

वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार गोड बोलणारा, म्हणजे धोकादायक. त्यानं चुंबकवाला पिकअप पुढे केला. "साहेब, हा घ्या. एकदम घुमतो!" कपाटराव घेऊन घरी आले, बसवला, स्पीकर लावला, तार छेडली. काही नाही. दोन्ही हातांनी ओढली. तरी काही नाही. चुंबकाला लागतात पोलादी तारा आणि कपाटरावांच्या होत्या जुन्या पद्धतीच्या, आतड्याच्या. त्यांच्याशी चुंबकाचं काय देणंघेणं?

आतून बायको म्हणाली, "हा ठेवा. छान आहे हा!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. या वेळी घोडीखाली, म्हणजे तारा ज्या लाकडावर टेकतात त्याच्या पायाशी, सरकवायची चपटी पट्टी मिळाली. ही लाकडाची थरथर पकडते. आणि पकडली की हो! पण नुसत्या तारेची नाही. वाद्याचा पाय जमिनीवर आणि त्याच जमिनीवर धुलाईचं मशीन. कपाटरावांनी डोळे मिटून एक संथ चाल धरली आणि स्पीकरमधून दहा चादरी पिळल्याचा आवाज घरभर घुमला. खालचा शेजारी धावत वर आला. "काय पडलं? कपाट?"

मशीन बंद केलं. मुलीचा जुना कीबोर्ड काढून कपाटरावांनी एक सूर वाजवला, तोच बेसवर छेडला, आणि दचकले. बेसचा सूर खाली! थोडासाच, पण खाली. पुन्हा छेडला. पुन्हा खाली.

"बघितलंस? ही पट्टी माझा सूर उतरवते! भिकार माल!" ते बायकोला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पट्टी घेऊन पुन्हा दुकान. दुकानदार म्हणाला, "साहेब, पिकअप सूर बदलत नाही हो. जे मिळतं तेच पुढे देतो." मग गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून त्याला व्यवहार सुचला. "पण असेल, असेल! स्वस्तातल्यात होतं असं. हा छोटा माईक घ्या, वाद्यालाच चिमटा लावून बसतो. सगळ्यात महाग आहे, पण एकदम अस्सल आवाज!"

अस्सल आवाज घरी आला. अस्सलच होता. मखमली, भारदस्त, छातीत घुमणारा. आणि कीबोर्डच्या शेजारी धरला की तसाच, केसभर खाली.

कपाटरावांनी कीबोर्डकडे तुच्छतेनं पाहिलं. "जुना झालाय. बिघडलाय हा."

"पट्टी बिघडलेली, कीबोर्ड बिघडलेला," बायको म्हणाली. "घरात चांगलं म्हणून कुणी उरलंय का हो?"

"तुला संगीतातलं काय कळतं?"

"काही नाही. कानांचं कळतं थोडंफार." एवढं बोलून ती आत गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे तिला पक्कं माहीत होतं.

शनिवार उजाडला. मॅनेजर समोरच्या टेबलावर नॅपकिन पसरून बसला. कपाटरावांनी आपला स्पीकर ठेवायला जागा शोधली आणि ठेवला तो नेमका गायिकेच्या पाठीमागे. ही बाई बारा वर्षं तिथे गात होती. घरी आजारी नवरा, शिकणारी दोन मुलं. पण गाताना एकदाही कुणाला सुराला नाव ठेवायला जागा दिली नव्हती.

कपाटरावांनी आवाज पूर्ण वाढवला. पहिला सूर छेडला आणि टेबलांवरचे ग्लास थरथरले! लोक सूप विसरून मान वर करून बघायला लागले. कपाटरावांना आनंदानं रडू यायचं बाकी होतं. बावीस वर्षं, लेको, आता ऐका!

गायिकेनं गाणं धरलं. पुढे पियानो एक सूर सांगतोय, पाठीमागून बेस दुसराच. बिचारी मधल्या मध्ये. पियानोला धरलं की पाठीतून धक्का, बेसला धरलं की मास्तरांच्या भुवया वर! व्हायोलिनवाला चलाख, त्यानं आपलं बेसशी जुळवून घेतलं. ती एकटी पडली. आवाज डगमगला, एका ओळीत घसरलाच. तिनं पाणी प्यायलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा घसरली. कपाटराव मागून मान हलवत होते. अरेरे, बाईला आज काय झालंय!

कार्यक्रम संपला. मॅनेजर उठून थेट कपाटरावांकडे आला आणि हात हातात घेतला. "कमाल! तुम्ही म्हणजे ताफ्याचा कणा आहात! ठरलं माझं. ती गायिका बेसूर आहे, सोमवारपासून तिला येऊ नको म्हणा."

कपाटराव हवेत तरंगत मागच्या खोलीत गेले. तिथे मास्तर पियानोच्या सुराची छोटी शिट्टी घेऊन उभे होते. त्यांनी ती फुंकली. "आता तुझी तार छेड."

कपाटरावांनी छेडली. इथे स्पीकर नाही, पिकअप नाही, दुकानदार नाही. तार खाली होती.

"मास्तर... हे केव्हापासून?"

"तू आलास तेव्हापासून. म्हणून तर तुला कधी माईक दिला नाही."

"मग मला ठेवलंत कशाला?"

"पाठीमागे मोठं वाद्य असलं की ताफा भरलेला दिसतो रे."

कपाटरावांच्या अंगातली हवाच गेली. ते दाराबाहेर आले. बाहेरच्या बोळात गायिका पिशवी भरत होती. आपला चष्मा पिशवीतच ठेवलाय हे विसरून ती तो बोळातल्या टेबलावर शोधत होती. त्यांना बघून म्हणाली, "दादा, खरं सांगा. मी म्हातारी झाले का हो? माझा सूर असा कसा गेला?"

कपाटराव वळले. ते तडक मॅनेजरच्या खोलीत घुसले. आयुष्यात पहिल्यांदाच असे न विचारता घुसले.

"साहेब, बाईंची चूक नाही! बेसूर मी होतो. माझं वाद्य उतरलेलं होतं आणि स्पीकर तिच्या कानाशी होता. मास्तरांना विचारा! आजच नाही, पहिल्यापासून मी बेसूर आहे!"

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे बेसूर तुम्ही आहात?"

"हो साहेब!"

"आणि ती तुमच्यामुळे घसरली?"

"हो!"

"म्हणजे जरा मोठा आवाज झाला की तिचं गाणं कोलमडतं. मग तीही नको आणि तुम्हीही नको. तिघांत भागेल आमचं. बरं झालं सांगितलंत!"

कपाटराव बाहेर आले. बोळात गायिका, मास्तर, व्हायोलिनवाला, ड्रमवाला सगळे कान टवकारून उभे होते; दार उघडंच होतं. गायिकेनं पिशवी उचलली आणि निघून गेली. कपाटरावांनी मास्तरांकडे पाहिलं, निदान ते तरी काही धीर देतील म्हणून.

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "शेवटी कुणीतरी तुझं ऐकलं."